सगळ्या वस्तीचा एक नंबर

कुपवाड, ८ जुलै २०२४

तीर्थरूप नाथाजी काका,
साष्टांग नमस्कार.

तोफखान्यानं तुमचे कान नेले आणि माझ्या हातात पेन दिलं. सगळ्या जगाशी मी फोनवर बोलतो, तुमच्यासाठी मात्र कागद घेऊन बसतो. धनाजी मिस्त्री हसतो. म्हणतो, मालक आज शाळेत गेलेत.

काम जोरात आहे. आपली कडबाकुट्टी आता जतपासून फलटणपर्यंत जाते. वैरण बारीक करायला लोक दुसरं यंत्र मागत नाहीत. पण गिऱ्हाईक वाढलं तसा घोळही वाढला. कुणाचं यंत्र कधी गेलं, कुणाची पाती बदलायची, हे निम्मं माझ्या फोनमध्ये, निम्मं धनाजीच्या डोक्यात आणि उरलेलं बिडीच्या पाकिटावर. परवा एकाच माणसाकडं दोनदा सर्व्हिसला गेलो आणि ज्याचं यंत्र बंद होतं तो शिव्या घालत बसला.

म्हणून गिऱ्हाइकांची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलंय. सांगलीतली प्रांजल नावाची मुलगी येऊन दोन दाखवून गेली. पहिलं माणसाला फोन नंबरावरनं ओळखतं. नंबर टाकला की दसरा-दिवाळीच्या शुभेच्छा, सर्व्हिसची आठवण, सगळे मेसेज आपोआप. दुसरं यंत्राच्या नंबरावर चालतं. त्याला फोन नसला तरी चालतो, पण प्रत्येक यंत्रापाशी जाऊन पत्र्यावरचा नंबर वाचून आणायला लागेल. ते लय किचकट आहे. तुम्ही सुभेदार, शेकडो माणसं सांभाळलीत. कुठलं घेऊ?

काकूंना नमस्कार.

तुमचा
वीरधवल

सातारा, १५ जुलै २०२४

चिरंजीव वीरधवल,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुजी काकू म्हणती, पोराचं अक्षर डाक्टरसारखं झालंय. मी म्हणलं, धंदा वाढला की अक्षर बिघडतंच.

तू इच्यारलंस म्हणून सांगतो. फौजेत रायफलीला नंबर आणि माणसालाबी नंबर. रिटायर हून घरी आलो, तवा लोकं नाथाजी म्हणून हाक मारायला लागली. त्यो आनंद पेन्शनीपेक्षा मोठा व्हता. आणि तू आता लोखंडाच्या नंबरावरनं माणूस वळखणार? अरं गाढवा, यंत्राला दिवाळी असती का? माणसाला धर. पयलं घे.

आणि एक ध्यानात ठेव. म्हसवडकडच्या मेंढक्यांच्या वस्तीवर आपली दहा-अकरा यंत्रं हायत. ती माज्या शब्दावर घेतलीत. दर साली त्यांची मेंढरं आपल्या उसाच्या रानात खताला बसत्यात, तवाची वळख हाय. दिवाळी झाली की गडी मेंढरं घिऊन घाटाखाली जात्यात, तितं रेंज न्हाई. घरी ऱ्हात्यात म्हाताऱ्या, त्यांच्यापाशी फोन न्हाई. तवा वस्तीवरच्या समद्यांच्या नावाम्होरं माजाच नंबर घाल. कान न्हाईत, पर मेसेज वाचाया डोळं हायत की. काय निरोप असंल त्यो मी पोचवीन. मी शब्द दिलाय त्यांना.

जेवत जा वेळंवर.

तुजा
काका

कुपवाड, २ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप काका,
नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणं पहिलंच घेतलं. काय सांगू, घर झाडून काढल्यासारखं वाटतंय! सगळी नावं भरली. वस्तीवरच्यांच्या पुढं तुमचा नंबर टाकला. एकच नंबर दोन-चारदा आला की ते स्वतः शोधून काढतं आणि विचारतं, एकत्र करू का? मी हो, हो, हो म्हणत गेलो. लोकांनी दोनदा-तीनदा लिहून ठेवलेला कचरा निघाला. यादी अशी स्वच्छ झाली की बघत राहावं.

घाई अशासाठी, की शिरवळची एक मोठी कंपनी आपली यंत्रं त्यांच्या दुकानांतून विकायचं म्हणते आहे. त्यांची माणसं गणपतीनंतर येऊन गिऱ्हाइकांची नोंद बघणार आहेत. हे जमलं तर कुपवाडात शेजारचा गाळा घेऊ. देवाजवळ एवढं मागा.

तुमच्याकडं पहिला मेसेज आला का?

तुमचा
वीरधवल

सातारा, १५ डिसेंबर २०२४

चिरंजीव वीरधवल,
आशीर्वाद.

मेसेज आला का म्हणून इच्यारतोस? अरं, किती येत्यात! गणपतीला आला, दसऱ्याला आला, दिवाळीला दिव्यांचा फोटू आला. ‘प्रिय ग्राहक, तुमचा दिवस आनंदात जावो.’ सख्खा पुतण्या मला प्रिय ग्राहक म्हणतोय! काकू म्हणली, फोन सारखा थरथर करतोय, त्याला ताप आलाय का बगा. मी आता त्यो फडताळात ठिवलाय. आणि एक. वस्तीवरच्या धोंडुबाईचा ल्योक आप्पासो दिवाळीला आलता, त्यानं इच्यारलं, आमच्या नावाच्या शुभेच्छा न्हाई व्हय आल्या? मी म्हणलं, माज्या एकट्याच्याच आल्या, मालक चिक्कू हाय.

आता वाईट बातमी. वस्तीवर धोंडुबाईचा हात कडबाकुट्टीत गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. गडी समदे मेंढरामागं. नात समीक्षा घरात व्हती म्हणून बटण बंद केलं, न्हाईतर पुरा हात गेला असता. आता दवाखान्यातनं घरी आलीया.

मी भेटाया गेलो. वस्तीवरच्या बायका, म्हातारी माणसं समदी जमलेली. माझं कान न्हाईत, म्हणून समीक्षा पाटीवर लिहून दावीत व्हती. तिनं लिवलं, ‘आजी म्हणते दांडी दाबली होती.’ माजी सटकली. ती लाल दांडी दाबली की वैरण आत वढणारं रूळ थांबत्यात, यंत्र वैरण म्हागं सोडतं. मी सोता सातारला तुझ्या यंत्रावर दहांदा करून बगितलंय. मी चारचौघात म्हणलं, ‘धोंडुबाई, दांडी दाबली असती तर यंत्र थांबलं असतं. ध्यान कुटं व्हतं तुजं? चूक झाली तर झाली म्हण, खोटं बोलू नको.’ तिनं हात पदराखाली घेतला. सुभेदार बोलला म्हणल्यावर दुसरं कोण काय बोलणार?

कडक बोललो, पर यंत्राचं नाव खराब हून द्यायचं न्हवतं. तुज्या शिरवळवाल्यांच्या कानावर उलटंसुलटं जायला नगं.

तुजा
काका

कुपवाड, २७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप काका,
नमस्कार.

पत्र मिळालं. ऐकून फार वाईट वाटलं. इकडं सगळं ठीक. सांगलीची नवी हळद पाठवतोय, काकूंना द्या. थोडी धोंडुबाईंकडंही पोचवा.

धनाजीला वस्तीवर पाठवलंय. काही विशेष नाही, साधी सर्व्हिस. तो सगळ्याच यंत्रांचं बघून येईल. तो जाऊन येईपर्यंत कुणी यंत्र चालवू नये, एवढं निरोप्याबरोबर कळवलं आहे.

धोंडुबाई अजून काय म्हणतात? घरचे त्यांना बोलत नाहीत ना?

शिरवळवाल्यांचं जवळजवळ ठरलंय. लिहायला जास्त काही नाही.

वीरधवल

सातारा, ५ जानेवारी २०२५

चिरंजीव वीरधवल,
आशीर्वाद.

तुजं पत्र एवढंसं! पोटात दुखतंय का तुज्या? का शिरवळवाल्यांनी शब्द मोजून द्यायला सांगितलंय?

धनाजी यिऊन गेला. गडी मन लावून काम करणारा. ‘साधी सर्व्हिस’ म्हणत एकेक यंत्र खोलून बसला. चहासुदीक घेतला न्हाई, कुणाच्या डोळ्याला डोळा दिला न्हाई. मालकाची शिस्त दिसती.

धोंडुबाईचं इच्यारलंस. हळद दिली. हाताला फडकं गुंडाळून बसलेली असती. भाकरी थापता येत न्हाई, शेळीची धार काढता येत न्हाई. सून म्हणती, ‘आत्याबाईंचं ध्यानच नसतं आताशा.’ आप्पासोला घाटाखाली निरोप गेला, त्यानं उलट निरोप धाडला, ‘म्हातारीला यंत्राजवळ जाऊ दिऊ नका.’ आता तिनं बिरोबाला नवस बोललाय, पाच रविवार अनवाणी यीन म्हणून. मी इच्यारलं कशापायी, तर समीक्षानं पाटीवर लिवलं, ‘आजी म्हणते तिचं ध्यान नव्हतं म्हणून.’ बग, शेवटी कबूल झाली. दांडीचं नाव आता काढीत न्हाई. पर मला बी ती कडक बोललेली गोष्ट बरी वाटंना. म्हातारं माणूस हाय. दोन शब्द कमी बोलायला पायजे व्हतं.

तू काळजी करू नगंस. यंत्रात खोट असती तर तू मला सांगितलंच असतंस, एवढं मला ठावं हाय.

तुजा
काका

कुपवाड, १९ जानेवारी २०२५

काका,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. आज सगळं लिहितो. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

धोंडुबाईंनी दांडी दाबली होती.

दांडीच्या आत एक पिन असते. उन्हाळ्यात आम्ही पिना बाहेरून करून घेतल्या, त्या नीट तापवून कडक केलेल्या नव्हत्या. मी तपासून घ्यायला पाहिजे होत्या, घेतल्या नाहीत. काही महिने चालल्यावर पिन झिजते आणि दांडी दाबली तरी रूळ थांबत नाहीत. दिवाळीनंतर मिरजेच्या एका गिऱ्हाइकानं तक्रार केली तेव्हा ध्यानात आलं. त्याच दिवशी सॉफ्टवेअरमधून सगळ्यांना मेसेज टाकला, ‘यंत्र वापरू नका, पिन बदलायला माणूस येतोय.’ माणसं घरोघर फिरली. पिना बदलल्या. कुणाच्या नखालाही लागलं नाही. मी देवाला नारळ फोडला.

फक्त वस्ती राहिली. तुमचा नंबर दहा-अकरा नावांपुढं होता, आणि मी ‘एकत्र कर’ म्हणालो होतो. त्या सगळ्यांचं मिळून एकच गिऱ्हाईक झालं, नाथाजी, सातारा. मेसेज गेला तो एक, तुम्हाला. नव्या मेकॅनिकनं तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाही, त्यानं ‘उत्तर नाही’ लिहून पुढचं नाव घेतलं. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

मला अजाणता झालं म्हणता येत नाही काका. एकत्र करू का, असं विचारलं तेव्हा धोंडुबाईचं नाव, आप्पासोचं नाव पडद्यावर होतं. मी ती वाचली. क्षणभर थांबलोसुद्धा. पण शिरवळवाले यायचे होते आणि मला यादी चकचकीत पाहिजे होती. पूर्वी यादी नव्हती तेव्हा मला वस्ती आठवायची. मे महिन्यात यंत्रं पोचवायला मी स्वतः गेलो होतो, धोंडुबाईंनी ताक दिलं होतं. नोव्हेंबरात पिनांची धावपळ चालू असताना मला ती वस्ती एकदाही आठवली नाही. यादीत नव्हती ना!

आणि पुढचं त्याहून वाईट. तुमचं डिसेंबरचं पत्र वाचल्याबरोबर मला सगळं कळलं होतं. तरी हळद पाठवली. धनाजीला ‘साधी सर्व्हिस’ म्हणायला मीच लावलं. धोंडुबाईंच्या यंत्रातली झिजलेली पिन त्यानं आणून माझ्या टेबलावर ठेवली. तुम्ही तिला खोटी म्हणालात ते मी वाचलं, आणि गप्प बसलो. मला हायसं वाटलं होतं काका. घटकाभर का होईना, मला हायसं वाटलं होतं. त्याची आता शिसारी येते.

शिरवळवाल्यांना काल सगळं सांगितलं. ते वर्षभर थांबू म्हणाले. थांबू देत.

तुम्ही सांगाल ते करीन.

वीरधवल

सातारा, ३० जानेवारी २०२५

वीरधवल,

तुजं पत्र दोनदा वाचलं. काकूला वाचाया दिलं. ती देवापाशी जाऊन बसली. मी फडताळातनं फोन काढला, चार्जिंगला लावला आणि शेजारच्या मास्तरीणबाईंना म्हणलं, जुनं मेसेज काढून द्या.

नोव्हेंबरातला त्यो मेसेज सापडला. दिव्यांच्या फोटूच्या खाली, हळदीकुंकवाच्या सवलतीच्या वर. ‘यंत्र वापरू नका.’ माज्या हातात, माज्या घरात, दोन म्हैने पडून व्हता. मी म्हणलो व्हतो की निरोप मी पोचवीन. त्वा यादीतनं वस्ती घालवलीस, आणि उरलेला एक निरोप म्या फडताळात घातला. तवा तुला एकट्याला शिव्या घालाया माजी जीभ वळंना. तुला सॉफ्टवेअर कुठलं घे, हे सांगणारा तरी कोण? मीच. लोखंडाचा नंबर नगं म्हणालो. लोखंडाचा नंबर असता तर म्हातारीचं नाव ऱ्हायलं असतं.

तुला कळवायला थांबलो न्हाई. दुसऱ्या दिवशी पयल्या गाडीनं वस्तीवर गेलो. चारचौघात बोललो व्हतो, म्हणून समीक्षाला म्हणलं, समद्यांना बोलीव. सून आली, म्हातारी माणसं आली. मी उभा ऱ्हायलो आणि सांगितलं, ‘यंत्रात खोट व्हती. आमाला ठावं व्हतं. निरोप माज्या फोनवर आलता, मी वाचला न्हाई. धोंडुबाईनं दांडी दाबली व्हती. मी तिला खोटी म्हणलो, मी चुकलो.’ 

मला वाटलं, आता शिव्या देईल. ऐकू न्हाई आल्या तरी तोंडावरनं कळत्यात. माज्या मनाची तयारी व्हती. पर धोंडुबाईनं समीक्षाकडं बगितलं आणि काईतरी पुटपुटली. पोरीनं पाटीवर लिवलं. लिवताना ती रडत व्हती.

‘आजी विचारते, म्हणजे मी खरंच दाबली होती?’

वीरधवल, अरं तिला सोताचंच खरं वाटेनासं झालं व्हतं रं! आपण समद्यांनी मिळून तिच्या हातचं घेतलं ते घेतलं, तिच्या मनातनंबी काढून घेतलं. मी तितंच मटकन बसलो. सीमेवर गोळं पडताना मी असा बसलो न्हवतो. 

मग ती उठली, माज्याम्होरं यिऊन बसली आणि हळू हळू बोलली, मला ओठावरनं कळावं म्हणून. ‘आवं सुभेदार, तुमी आलासा, सांगितलासा. पर माजा ल्योक घाटाखाली हाय, समदे गडी मेंढरामागं हायती. त्यांनी समद्यांनी मला येडी ठरीवलीया. मेंढरं म्हागारी आली की तुमच्या त्या पुतण्याला धाडा. त्याच्या तोंडानं सांगू दे.’ दवाखान्याच्या खर्चाचं मी इच्यारलं, तर म्हणली, ‘त्यो द्यावाच लागंल, त्याचं काय सांगताय?’ 

तवा जून म्हैन्यात तू जायचं. एकट्यानं. माझ्या म्हागं लपायचं न्हाई. तवर तुजं तू काय करायचं ते कर.

काका

कुपवाड, २४ जून २०२५

तीर्थरूप काका,
नमस्कार.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे काकूंच्या कार्डावरून कळलं. हे पत्र काकू तुम्हाला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवतील. काकू, कुठलीही ओळ गाळू नका.

रविवारी वस्तीवर जाऊन आलो. मेंढरं परतली आहेत. पिंपळाखाली सगळे गडी बसले होते, आप्पासो मधोमध. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत गेलो होतो, तिथं गेल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. खिशातनं ती झिजलेली पिन काढली आणि आप्पासोच्या हातात दिली. म्हणालो, ‘ही तुमच्या यंत्रातली. माझ्या कारखान्यातून अशीच गेली. मला कळलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि आईचा हात गेल्यावरसुद्धा मी महिनाभर गप्प बसलो. आईनं दांडी दाबली होती.’

आप्पासोनं पिन बोटांत फिरवली. माझ्याकडं बघितलंच नाही. उठला आणि आईपुढं जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, ‘आये, मी इच्यारलं बी न्हाई गं तुला.’ एवढं बोलून त्यानं तोंड पटक्यात घातलं. मला वाटलं, माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

धोंडुबाई मात्र उठल्या. ‘चल रं,’ मला म्हणाल्या, ‘यंत्र चालू कर.’ आम्ही सगळे गोठ्याकडं गेलो. समीक्षा ‘नको आजी’ म्हणत होती. नवी पिन धनाजीनं बसवली होती, मी स्वतः दोनदा तपासली, मग बटण दाबलं. त्यांनी डाव्या हातानं कडब्याची पेंढी पुढं सरकवली. रुळांनी ती ओढून घेतली. आणि उजवा हात, तोच, फडकं काढलेला, उचलून उरलेल्या बोटांनी त्यांनी दांडी दाबली. रूळ थांबले. पेंढी मागं आली.

सगळ्यांकडं बघून त्या म्हणाल्या, ‘बगा. अशी दाबली व्हती.’

त्यांनी पुन्हा चालू करायला लावलं, पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा त्या हसल्या, काका. आप्पासो हसला, सून पदर तोंडाला लावून रडत-हसत होती. मला हसता आलं नाही. तुम्हाला वाटत असेल की सांगून टाकल्यावर मन हलकं होतं. नाही होत.

निघताना धोंडुबाईंनी ताक दिलं. घेताना त्यांच्या हाताकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

सॉफ्टवेअर बदललं. ते दुसरं घेतलं, यंत्राच्या नंबराचं. किचकट आहे, पण येताना वस्तीवरच्या सगळ्या यंत्रांवरचे नंबर मी स्वतः पत्रा पुसून वाचून आणले. आता प्रत्येक घराचं नाव वेगळं आहे. संपर्क कसा करायचा, हे विचारतं तिथं धोंडुबाईंच्या नावापुढं मी लिहिलंय, ‘फोन नाही. स्वतः जाणे.’ दर तीन महिन्यांनी ते मला आठवण करून देईल. करून दिली नाही तरी मी जाईन.

तुमचा
वीरधवल